अर्धी काळी पट्टी

ज्याला देवाची भीती नाही त्याच्या हातचं पाणीसुद्धा जपून प्यावं, असं अक्कांचं ठाम मत होतं आणि ते त्या कुणी विचारो न विचारो, ऐकवत असत. इस्पितळाच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून वाफेची खोली होती. तिथे अक्कांचं सव्वीस वर्षं राज्य होतं. ऑपरेशनची अवजारं धुवायची, पुसायची, ट्रेमध्ये मांडून दुहेरी कापडात बांधायची, कपाटाएवढ्या पोलादी मशीनमध्ये सरकवायची आणि दार आवळून वाफेने जंतू मारायचे, असं ते काम. दार आवळलं की अक्का त्यावर उजवा तळवा टेकत आणि ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणत. दार कायम तापलेलं असे. तळव्याला चटका बसला की अक्कांना वाटे, पोचली.

आणि त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं, बरं का. त्या खोलीत बघायला येतंय कोण? जंतू जिवंत असला तरी दिसत नाही आणि मेला तरी दिसत नाही. ऑपरेशनवाले मोठमोठे डॉक्टर खालून आलेलं गाठोडं बिनदिक्कत उघडतात. मग इथे राबणाऱ्या बाईला सरळ ठेवणार कोण? पगार म्हणावा तर तो कामचुकारालाही मिळतो. देवच ठेवणार, असं अक्का म्हणत, आणि समोरची बाई मान डोलवेपर्यंत हातातलं फडकं खाली ठेवत नसत.

चार वर्षांपूर्वी मान न डोलावणारी एक आली. तिशीची, काटक, बोलायला कमी. पहिल्याच दिवशी अक्कांनी तिला आपलं नेहमीचं ऐकवलं, की इथे कुणी बघत नसलं तरी देव सगळं बघतो. ती शांतपणे म्हणाली, "पावती देतो का?" धुलाईच्या बायका तोंडात कपडे कोंबून हसल्या, आणि त्या दिवसापासून तिचं नाव पावती पडलं ते पडलंच. आपण देव मानत नाही हे ती लपवत नव्हती आणि मिरवतही नव्हती. अक्कांनी मात्र धसका घेतला. वाफेच्या कामाला असली बाई नको, असं त्यांनी इन्चार्ज सिस्टरना जाऊन सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, हात स्वच्छ आहेत, डोकं जागेवर आहे, मला तेवढं पुरे. मग अक्कांनी स्वतःच पाळत ठेवली. ती घरी गेली की तिने बांधलेली गाठोडी सोडून बघायच्या. चार वर्षांत एक चिमटा तिरका सापडला नाही. याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण खोटं कशाला बोला, त्यांना रागच यायचा.

एक गोष्ट तेवढी अक्कांच्या बाजूची होती, ती म्हणजे रजिस्टर. मशीनमध्ये अवजारांच्या मधोमध एक छोटं पुडकं ठेवतात. त्याच्या पोटात कागदाची बोटभर पट्टी असते. वाफ आतपर्यंत नीट पोचली तर पट्टी पूर्ण काळी होते, नाही पोचली तर कुठेतरी फिकी राहते. फेरी संपली की पुडकं उघडायचं, पट्टी बघायची, रजिस्टरात चिकटवायची आणि खाली दोघींनी सह्या करायच्या. पट्टी फिकी निघाली तर तसं लिहायचं आणि सगळी फेरी पुन्हा लावायची. पावतीच्या नावावर चार वर्षांत अशा पाच फेऱ्या नापास लिहिलेल्या होत्या. अक्कांच्या नावावर सव्वीस वर्षांत एकही नाही. देवाचा हात नाही ना डोक्यावर, म्हणून हिच्याच फेऱ्या बिघडतात, असं अक्का चहाच्या वेळी सांगत. पावतीने एकदा ते जुनं रजिस्टर मागून घेऊन चाळलं आणि म्हणाली, एकही नापास नाही, म्हणजे एकतर मशीन देवाचं आहे नाहीतर रजिस्टर. अक्का दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

त्यांना झोंबलं होतं, कारण खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. मशीन कुणाचंही असो, वर्षातून दोनचारदा पट्टी फिकी निघतेच. अक्का काय करत, तर गुपचूप फेरी पुन्हा लावत आणि दुसऱ्या वेळची काळी पट्टी तेवढी चिकटवत. अवजारं शुद्धच जात, रुग्णाचं काही वाईट होत नसे, मग उगाच देवाच्या कामाला डाग कशाला लावायचा, असं त्या स्वतःला समजावत. पुढेपुढे तर सकाळच्या पहिल्या फेरीत त्या दोन पट्ट्या ठेवू लागल्या. एक चिकटवायची, एक खिशात, असू द्यावी म्हणून. आता असू द्यावी म्हणून ठेवलेली वस्तू कधी ना कधी वापरली जातेच, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

ती गुरुवारी वापरली गेली. मचाणावरून पडलेल्या एका सुताराच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, हाडाला धातूची पट्टी बसवायची होती. त्याचा ट्रे आयत्या वेळी मागितला. मशीन आठवडाभर कुरकुरत होतं, दाराच्या रबरातून बारीक शिट्टी यायची. अक्कांनी तळवा टेकला, प्रार्थना म्हटली, फेरी झाली. पुडकं उघडलं तर पट्टी अर्धी काळी, अर्धी फिकट तपकिरी. पुन्हा लावायची म्हणजे पाऊण तास. तेवढ्यात वरून तिसऱ्यांदा फोन आला. रुग्णाला भूल देऊन झालीये, तुम्ही खाली झोपा काढताय का, असं कुणीतरी खेकसलं. अक्का फोनवर म्हणून गेल्या, "निघालाच ट्रे."

पावतीने पट्टी बघितली होती. झालेलं नाही, असं ती म्हणाली. अक्का तिच्यावर उखडल्या. सव्वीस वर्षं मी हे करतेय, मला शिकवू नकोस, कडेला जरा फिकी राहिली म्हणून काय आभाळ कोसळतं, देवाचं नाव घेऊन पाठवतेय, तो सांभाळील. ट्रे लिफ्टमधून वर गेला. अक्कांनी अर्धी पट्टी चुरगळून कचऱ्यात टाकली, खिशातली काळी रजिस्टरात चिकटवली आणि सही करून पेन पावतीपुढे धरलं. पावती पेनाकडे बघत राहिली. मग तिने सही केली. अक्कांना त्या वेळी एवढंच वाटलं की चला, आली वठणीवर.

घरी गेल्यावर मात्र त्यांना घास गिळेना. त्या देवापुढे बसल्या, रडल्या, चुकले म्हणाल्या, पुन्हा असं करणार नाही म्हणाल्या. अर्ध्या तासाने छातीवरचं ओझं उतरलं. देव दयाळू आहे, त्याने पदरात घेतलं, असं त्यांना अगदी आतून जाणवलं आणि त्या गाढ झोपल्या. दुसऱ्या दिवशी पावतीचे डोळे सुजलेले होते. देव नसला की असंच होतं, मन मोकळं करायला जागा नाही बिचारीला, असा विचार अक्कांच्या मनात आला. त्यांना तिची कीवसुद्धा आली. शनिवारी मेकॅनिक आला, दाराचं फाटलेलं रबर काढून दाखवलं आणि म्हणाला, बरं झालं बोलावलंत, वाफ निम्मी बाहेरच जात होती. अक्कांनी त्याला चहा पाजला.

बाराव्या दिवशी सुतार परत आला. अंगात ताप, गुडघा टम्म, टाक्यांतून पू. गुडघा पुन्हा उघडावा लागला, हाडावरची पट्टी काढावी लागली. आता पाय धड वाकेल का, हेही कुणी सांगेना. असं का झालं ते शोधायला रजिस्टर वर मागवलं गेलं. पट्टी काळी, सह्या दोन. खालचं काम चोख आहे, असं ठरलं. मग उरली ती घरची मलमपट्टी, आणि ती करत होती सुताराची बायको. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, हात धूत होतात का? झालं. तेवढं वाक्य तिच्या सासूने उचललं. हिला मेलीला पहिल्यापासून स्वच्छता नाही, माझ्या लेकाचा पाय घालवला, आता इथून सुटला की तो थोरल्या भावाकडे राहील, हिच्या हाती द्यायचा नाही, असं त्या म्हातारीने भर वॉर्डात जाहीर केलं.

अक्कांना हे कळलं ते जिन्याखालच्या बाकाशी. स्वच्छ कापडांची ढकलगाडी घेऊन त्या चालल्या होत्या, तर एक बाई बाकावर बसून आपले हात उलटसुलट करून बघत होती. साबणाने सोलपटलेले, लालबुंद हात. अक्कांनी विचारपूस केली. मुळात त्या मायाळू होत्या, रडणारं माणूस दिसलं की पुढे जाववत नसे. बाईने सगळं सांगितलं. म्हणाली, मी दर वेळी उकळलेल्या पाण्याने हात धुतले, पण आता मलाच खात्री वाटत नाही, एखाद्या वेळी विसरले असेन, माझंच काहीतरी चुकलं असेल.

अक्कांना ती अर्धी पट्टी आठवली. सांगायचं तर तिथेच, त्याच क्षणी सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं नाही. मग त्यांनी काय केलं, तर जे त्यांना सगळ्यात चांगलं जमत होतं तेच केलं. बाईच्या शेजारी बसल्या, तिचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, देवावर भरवसा ठेवा, आपण दोघी मिळून प्रार्थना करू. बाईने हात जोडले. अक्कांनी मोठ्याने त्या सुताराच्या पायासाठी मागितलं. आणि मनात, त्याच दमात, दुसरं मागितलं. देवा, हे कुणाला कळू देऊ नकोस, सहा महिन्यांत निवृत्त होतेय, माझं नाव राख. अशी ती प्रार्थना झाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. बाई डोळे पुसून म्हणाली, तुम्ही देवमाणूस आहात. अक्कांनी ढकलगाडी लोटली आणि लिफ्टमध्ये शिरेपर्यंत मागे वळून बघितलं नाही.

खाली आल्यावर त्यांना गप्प राहवेना. खाई त्याला खवखवे. पावती कात्र्या मोजून ट्रेमध्ये लावत होती. वर जिन्याखालच्या बाकावर ती सुताराची बायको भेटली, फार खचलीये, मी तिच्याबरोबर प्रार्थना केली, तिला बरं वाटलं, असं अक्का सांगून बसल्या. कुणीतरी बरं केलंत म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पावतीने कात्री खाली ठेवली. खिशातून घडी घातलेला कागद काढून उलगडला. त्यात चुरगळून पुन्हा सरळ केलेली पट्टी होती. अर्धी काळी, अर्धी तपकिरी.

अक्कांची पाचावर धारण बसली. कचऱ्यातून काढलीस, असं त्या म्हणाल्या, आणि आपल्या आवाजात चोरी पकडल्याचा तोरा आहे हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. पावती म्हणाली, तीन आठवडे बाळगतेय, रोज सिस्टरच्या दारापर्यंत जाऊन परत येतेय, माझीही सही आहे खाली. आज संध्याकाळी सुताराचा भाऊ त्याला न्यायला येणार आहे. त्याआधी मी सुताराच्या बायकोला सांगणार, मग सिस्टरना.

अक्का हातापाया पडायच्याच बाकी राहिल्या. आपल्या ट्रेमुळेच झालं हे कशावरून? खरंच तिनेच हात धुतले नसतील तर? नोकरी जाईल, दोघींची जाईल. तुझी लेक शाळेत आहे, तिचा तरी विचार कर. मी देवाची माफी मागितली आहे, त्याने केलंय मला माफ, मला कळतं ते. आणि तुला ग कोण बघतंय? तुझ्या लेखी तर देवसुद्धा नाही.

पावतीने तो कागद पुन्हा उचलला. मग म्हणाली, "आपल्यामुळेच झालं हे मलाही नक्की माहीत नाही, अक्का. तेवढंच तिला सांगायचंय. ती स्वतःचीच चूक नक्की समजून बसलीये." तिने कागदाची घडी घातली. "तुम्हाला माफ करायला कुणीतरी आहे. माझं तसं नाही. मला माफ करणारी जी कोण असेल, ती जिन्याखालच्या बाकावर बसलीये."

मग ती दारापाशी थांबली आणि वळून म्हणाली, "त्या दिवशी मी सही का केली, माहितीये? मला देवाची भीती नव्हती. तुमची होती."

ती गेली. अक्का एकट्या राहिल्या, आणि मशीन. फेरी चालू होती. त्यांनी सवयीने दारावर तळवा टेकला. चटका बसला. शब्द काही येईनात. सव्वीस वर्षांचे पाठ असलेले शब्द, झोपेत म्हणता येतील असे, आणि पहिलाच आठवेना. त्यांना वाटलं, आपण आजवर देवाला भीत होतो ते खरंच, पण भीत होतो तरी कशासाठी? तो बघेल म्हणून, की त्याने बघूनही आपल्यालाच सांभाळून घ्यावं म्हणून? चार वर्षं त्या पोरीची गाठोडी सोडून बघितली. स्वतःचा खिसा एकदाही तपासला नाही. लाज वाटली त्यांना. अशी वाटली की कान तापले, त्या रिकाम्या खोलीतसुद्धा मान वर करवेना. तळवा भाजला तेव्हा त्यांनी हात काढला आणि जिना चढायला लागल्या. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये आरसा होता.

बाकाजवळ पोचेपर्यंत पावतीचं सांगून झालं होतं. ती बाकाच्या एका टोकाला मान घालून बसली होती आणि सुताराची बायको उभी होती. चेहरा पांढरा पडलेला. पावतीने अक्कांचं नाव घेतलेलं नव्हतं, हे अक्कांना लगेच कळलं. कारण त्यांना बघताच बाई धावत आली आणि तिने त्यांचा हात घट्ट धरला. तोच, भाजलेला.

"बघा हो ही काय म्हणते," बाई म्हणाली. "अर्धवट शिजलेली अवजारं वर पाठवली म्हणे, आणि खोटी सही केली. तीन आठवडे गप्प बसली. सासूबाईंनी मला नाही नाही ते ऐकवलं, मी माझेच हात घासत बसले." तिने अक्कांचा हात आणखी घट्ट धरला. "असल्या माणसांना देवाची भीती नसते का हो?"

हे वाक्य अक्कांचंच होतं. चार वर्षं चहाच्या वेळी बोललेलं, शब्द न शब्द तेच. पावतीने वर बघितलं नाही. तिला एवढं म्हणता आलं असतं, की हिलाच विचारा. ती काही म्हणाली नाही. अक्कांच्या मनात आलं, अजून गप्प राहता येईल. नुसता हा हात थोपटला, तरी निभावेल. आणि असं मनात आलं याचीच त्यांना सगळ्यात जास्त किळस आली.

"तो ट्रे तिने नाही पाठवला," त्या म्हणाल्या. "मी पाठवला. ती नको म्हणत होती. पट्टी मी फेकली, खोटी पट्टी मी चिकटवली. सही मी तिच्याकडून करून घेतली."

बाईला समजायला वेळ लागला. आधी तिने पावतीकडे बघितलं, मग अक्कांकडे. हात तसाच धरलेला होता. वॉर्डातून कुणीतरी ताटं गोळा करत येत होतं, त्याला वाट द्यायला दोघी हात न सोडताच भिंतीकडे सरकल्या.

"तुम्ही?" बाई म्हणाली. "पण सकाळी तुम्ही इथे माझ्याशेजारी बसलात. माझ्याबरोबर हात जोडलेत. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

अक्कांनी मान डोलावली.

"मग मागत काय होतात?"

खोटं बोलायला अक्कांकडे आता काही उरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे कुणाला कळू नये, एवढंच."

बाईने आपला हात सोडवून घेतला. रागाने नाही, हळूच, एकेक बोट करून. मग ती बाकाकडे गेली, पावतीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "चला, सासूबाईंना सांगायला तुम्ही माझ्याबरोबर चला."

पावती उठली. दोघी वॉर्डाकडे निघाल्या. अक्कांना कुणी ये म्हणालं नाही. त्या चार पावलं मागे ठेवून त्यांच्यामागून चालू लागल्या.